काढा, चूर्ण, गुटी : वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की या सदराची टपाल वाढते, आणि त्यातली निम्मी पत्रे खोकल्याची असतात. या वेळी सात पत्रांना उत्तरे देत आहोत. मापाचा घोळ होऊ नये म्हणून आधीच सांगतो : खाली 'चमचा' म्हटले आहे तो चहाचा, सपाट भरलेला. त्यात चूर्ण सुमारे 3 ग्रॅम आणि पातळ पदार्थ 5 मिलि मावतो. वाढपाचा चमचा वापरून 'सांगितले तेवढेच घेतले' म्हणू नये.

प्रश्न : सातपूरला कारखान्यात कामाला आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. दोन वर्षांपासून छातीत जळजळ, आंबट ढेकर. कुणीतरी अविपत्तिकर चूर्ण सुचवले. आठ महिने दोन्ही वेळा मोठा चमचा भरून घेतो. जळजळ थोडी कमी आहे, पण आता दिवसातून तीन-चारदा पातळ जुलाब होतात. तपासणीत साखरही काठावर निघाली. चूर्णात काही खोट आहे का?

उत्तर : चूर्णात खोट नाही, तुमच्या मापात आणि मुदतीत आहे. अविपत्तिकराचा ग्रंथोक्त पाठ असा : सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, बिडलवण, वावडिंग, वेलची, तमालपत्र ही अकरा द्रव्ये प्रत्येकी 1 भाग. या सगळ्यांइतकी लवंग, म्हणजे 11 भाग. निशोत्तर 44 भाग आणि साखर 66 भाग. एकूण झाले 132. म्हणजे डब्यात निम्मी साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर. निशोत्तर हे विरेचक, सरळ जुलाबाचे औषध. अम्लपित्तात साचलेले पित्त खालच्या वाटेने काढायचे, म्हणून ते तिथे आहे. तुम्ही आठ महिने रोज थोडे थोडे विरेचन घेत आहात, मग जुलाब होणारच.

साखर काठावर निघण्याचा दोष मात्र या चूर्णावर ढकलू नका. मोठ्या चमच्यातून, दोन्ही वेळचे धरूनही, फार तर दहा ग्रॅम साखर पोटात जाते. पाळीतल्या पाच-सहा गोड चहांतून त्याहून जास्त जाते.

अविपत्तिकर आता थांबवा. पुढे कधी लागलेच तर एक चमचा, जेवणाआधी, कोमट पाण्याबरोबर किंवा शहाळ्याच्या पाण्याबरोबर, दोन ते तीन आठवडे, आणि मग बंद. सध्या धन्याचा हिम करा. चार चमचे धने जाडसर कुटून, सहापट थंड पाण्यात (साधारण पाऊण कप) रात्रभर भिजवून, सकाळी कुस्करून गाळून प्यायचा. उकळायचा नाही. कुटले नाहीत तर पाण्याला नुसता वास येतो, बाकी काही उतरत नाही.

पण औषधाहून तुमच्या जेवणाच्या वेळा महत्त्वाच्या. रात्रपाळी सुटल्यावर सकाळी सात वाजता रिकाम्या पोटी तर्रीची मिसळ, वर चहा आणि घरी जाऊन लगेच आडवे होणे, हे अम्लपित्ताला दिलेले आमंत्रणच. (मिसळीशी वैर नाही, नाशकात राहून ते परवडणारही नाही. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, तर्री कमी घेऊन खा.) पाळीला जाण्याआधी पोटभर जेवा. मध्यरात्रीनंतर भूक लागली तर भाकरी-दूध किंवा तांदळाची पेज. चहा दोनच. घरी आल्यावर हलके खाऊन किमान दोन तास बसूनच काढा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू 15 सेंटिमीटर उचला. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडते आणि जळजळ वाढते. झोपताना डाव्या कुशीवर.

अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेत असाल तर जळजळीचे मूळ तिथेच असू शकते. शौच डांबरासारखे काळे होणे, घास अडकणे, वजन उतरणे यांपैकी काहीही दिसले तर चूर्ण-हिम बाजूला ठेवून एंडोस्कोपी करून घ्या. छातीतल्या जळजळीबरोबर घाम, धाप किंवा डाव्या हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ते पित्त समजून घरी बसू नका. 108 ला फोन करा.

प्रश्न : वय 63, राहणार गंगापूर रोड. तीन आठवडे कोरडा खोकला, रात्री जास्त. अडुळसा, तुळस, सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध आणि गूळ असा काढा लिटरभर पाण्यात उकळून अर्धा कप करते आणि दिवसातून चारदा घेते. उपयोग नाही. रक्तदाबाची गोळी सुरू आहे.

उत्तर : आधी गोळीचे पाकीट पाहा. त्यावर रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल असे '-प्रिल'ने संपणारे नाव असेल, तर खोकला त्या गोळीचाच असण्याचा दाट संभव आहे. या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा, घसा खाजवणारा खोकला येतो. कितीही काढे प्या, जात नाही, आणि गोळी बदलल्यावर एक ते चार आठवड्यांत आपोआप जातो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

दुसरे म्हणजे खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की क्षयरोगासाठी तपासणी करायची, हा सरकारी कार्यक्रमाचा नियम आहे आणि तो सोसायटीत राहणाऱ्यांनाही लागू आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आता तुमचा काढा. सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी ही चारही द्रव्ये तिखट. छातीत कफ भरला असेल, नाक वाहत असेल, तेव्हा ती हवीत. कोरड्या खोकल्यात आधीच कोरडा पडलेला घसा ती आणखी कोरडा करतात, पोटात आग करतात, आणि ते पित्त रात्री आडवे झाल्यावर वर येऊन पुन्हा खोकला आणते. ज्येष्ठमध खरे तर कोरड्या खोकल्याचेच औषध, पण रोज चार वेळा, आठवड्यामागून आठवडे घेतले तर अंगात पाणी धरून रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम उतरवते. तुमच्यासाठी ते वर्ज्य. लिटरचा अर्धा कप करणेही चूक. नियम साधा आहे : भरड ओली-मऊ असेल तर चौपट पाणी, मध्यम कठीण असेल तर आठपट, लाकूड-मुळासारखी कठीण असेल तर सोळापट, आणि आटवून चौथा हिस्सा. भांडे उघडे, आच मंद. तुळशीसारखी सुवासिक पाने उकळत बसायची नाहीत, गॅस बंद केल्यावर टाकून दहा मिनिटे झाकायची. नाहीतर औषध वाफेबरोबर स्वयंपाकघरात जाते.

तुम्हाला सोपे करण्यासारखे हे : दहा-बारा काळ्या मनुका कोमट पाण्यात दोनदा धुऊन, तासभर भिजवून, बिया काढून कुस्करायच्या. त्यात अर्धा चमचा खडीसाखरेची पूड आणि एक चमचा कोमट तूप. सकाळी आणि झोपण्यापूर्वी चाटून खायचे, वर लगेच पाणी नाही. पिवळेधमक बेदाणे घेऊ नका. तो रंग टिकवायला गंधकाची धुरी दिलेली असते आणि दम्याच्या माणसाला तिचा त्रास होतो. निफाड-दिंडोरीच्या वाचकांना हे सांगायला नको.

सितोपलादी चालेल, अर्धा चमचा तुपात कालवून, दिवसातून तीनदा. त्यात खडीसाखर 16, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1 असे भाग असतात. मधुमेही वाचकांनी तो पहिला आकडा पुन्हा वाचावा. वंशलोचन महाग, म्हणून स्वस्त चूर्णात त्याच्या जागी तवकीर घालतात. शंका आली तर चिमूटभर चूर्ण पाण्यात कालवून आयोडिनचा थेंब टाका. गडद निळे झाले तर त्यात पिठूळ पदार्थ आहे. खऱ्या वंशलोचनात सिलिका असते, ते निळे होत नाही.

अडुळसा चिकट, सुटत नसलेल्या कफासाठी. आधुनिक औषधांतले ब्रोमहेक्झिन याच झाडातल्या व्हॅसिसिनवरून तयार झाले. कच्ची पाने कुटून रस नीट सुटत नाही. पक्व पाने इडलीपात्रात दहा मिनिटे वाफवायची, गरम असतानाच कुटायची आणि फडक्यातून पिळायची. रस दोन चमचे, मध एक चमचा, दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस. गर्भवतींनी अडुळसा अजिबात घेऊ नये, तो गर्भाशयाचे आकुंचन करतो.

प्रश्न : माझे बाळ दोन महिन्यांचे आहे. सासूबाई बारशापासून रोज सकाळी सोळा-सतरा वस्तूंची गुटी मधातून देतात. बाळ संध्याकाळी खूप रडायचे, गुटीने कमी होत आहे असे त्या म्हणतात. मला भीती वाटते, पण बोलायची सोय नाही. (नाशिकरोड)

उत्तर : हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा. गुटीच्या डब्यात बहुतेक घरी वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, मायफळ, डिकेमाली, नागरमोथा, ज्येष्ठमध, अश्वगंधा, बदाम, खारीक असते. यांतल्या अनेक वस्तू चांगल्या वैद्याच्या हातातही असतात. प्रश्न वय, माप आणि स्वच्छता यांचा आहे.

मध आजच बंद. एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि बाळ लुळे पडते. मध उकळल्याने ती मरत नाहीत, घरचा किंवा रानातला असला तरी फरक पडत नाही.

पहिले सहा महिने अंगावरचे दूध, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. त्यामुळे गुटीही नाही. जायफळ आणि वेखंड हे दोन्ही तान्ह्या मेंदूला सुस्त करतात. वळसा एकाचा दोन झाला, किंवा सहाण खडबडीत असली की तेवढ्याच वळशात दुप्पट उगाळले जाते. 'गुटीने शांत झोपते' असे जे वाटते, त्यातला काही भाग जायफळाची गुंगी असते. शिवाय उगाळून ओली राहिलेली खारीक, बदाम आणि हळकुंड तशीच डब्यात गेली की बुरशी धरते, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाणेवर.

रडण्याबद्दल : संध्याकाळचे रडे साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्वतःहून ओसरते. तुमचे बाळ नेमके उतरणीला लागले आहे. श्रेय गुटीला जाते आहे एवढेच.

सासूबाईंच्या हाताला काम हवे असेल तर तेही आहे. प्रत्येक पाजण्यानंतर बाळाला खांद्यावर उभे धरून दहा-पंधरा मिनिटे ढेकर काढणे. हरभऱ्याएवढा हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीच्या भोवती (बेंबीत नाही) पातळ लेप, लाली दिसली तर लगेच पुसायचा. खोबरेल कोमट करून पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने पाच मिनिटे चोळणे. ओवा-वावडिंगाची धुरी मात्र नको, तान्ह्याच्या फुप्फुसाला धूर तो धूरच. नाकाला कापूर लावणे तर अजिबात नाही.

हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध न ओढणे, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप : यांत घरगुती उपचाराला जागा नाही, तडक बालरोगतज्ज्ञ.

सहा महिन्यांनंतर गुटी द्यायचीच असेल तर वैद्यांना बाळ दाखवून दोन-तीन द्रव्यांची, जायफळ-वेखंड वगळून.

प्रश्न : निफाड तालुका, द्राक्षशेती. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीत खाली 6 मिमीचा खडा निघाला. पानफुटीची चार पाने मिऱ्याबरोबर रोज चावतो. गावातल्या तिघांचे खडे यानेच पडले. किती दिवस चालू ठेवू?

उत्तर : गावातल्या तिघांचे खडे किती मोठे होते, ते विचारा. 5 मिमीच्या आतले बहुतेक खडे काहीही न करता पडतात. 6 मिमीचा पडण्याची शक्यता साधारण निम्मी. 10 मिमीचा क्वचितच. पानफुटीची कीर्ती बरीचशी या गणितावर उभी आहे. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्येही असतात, म्हणून हृदयाच्या गोळ्या, विशेषतः डिगॉक्सिन, घेणाऱ्यांनी ती चावू नये.

गोखरूचा काढा अधिक बरा. गोखरू म्हणजे शेतात पायात मोडणारे सराटे. 20 ग्रॅम भरड, 320 मिलि पाणी, आटवून 80 मिलि. निम्मा सकाळी, निम्मा संध्याकाळी, ताजा. काल केलेला आज गरम करून नाही. त्याहून मोठे औषध पाणी. रोज लघवीच अडीच लिटर झाली पाहिजे. एप्रिलच्या खरड छाटणीत उन्हात घाम गाळताना त्यासाठी चार लिटर तरी प्यावे लागते. लघवी पिवळी दिसली की पाणी कमी पडले असे समजा. बोअरच्या क्षाराच्या पाण्याला लोक जेवढा दोष देतात तेवढा त्याचा नसतो. कमी पाणी आणि जास्त मीठ हे खरे कारण. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आवरा. दूध-ताक बंद करू नका, कॅल्शियम तोडले तर उलट ऑक्झलेट जास्त शोषले जाते. लिंबूपाणी मीठ न घालता. आणि बिअरने खडा पडतो, हा सल्ला देणाऱ्याला बाटली रिचवण्याचे निमित्त हवे असते.

मुदत चार आठवडे. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे होत नाही. कधी खडा तिथेच रुतून बसतो, दुखत नाही, आणि वर मूत्रपिंड फुगत जाते. म्हणून पुन्हा सोनोग्राफी कराच. थंडी वाजून ताप किंवा लघवी बंद होणे यात त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : आईच्या गुडघ्यांसाठी आठवडे बाजारातून पुड्या आणल्या, लेबल नाही. 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणाले. तिसऱ्या दिवशी आई पळायला लागली! तीन महिने झाले. चेहरा गोल झाला आहे, भूक वाढली आहे.

उत्तर : जुन्या संधिवातात कोणतीही वनस्पती तीन दिवसांत माणूस पळवत नाही. असा गुण आणि असा गोल चेहरा म्हणजे पुडीत स्टेरॉइड कुटून घातलेले असण्याची दाट शक्यता. पण पुड्या आज एकदम बंद करू नका. तीन महिन्यांत शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते. अचानक तोडले तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, जीवावर बेतते. उरलेल्या पुड्या घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. साखर, रक्तदाब तपासून ते मापाने उतरवतील. एक पुडी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसह द्या. आयुर्वेदिक औषधावर परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

त्यानंतर गुडघे पाहू. सांधा गरम, सुजलेला आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल तर तो आमवात असू शकतो. त्यावर तेल चोळू नका, वाढतो. गरम वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक, आणि रक्ततपासणी. सांधा थंड असेल, चालल्यावर दुखत असेल, कटकट वाजत असेल तर झीज. तिथे कोमट तिळतेल किंवा महानारायण तेल 15 मिनिटे, आणि मग निर्गुडीचा शेक : दोन मुठी पाने तव्यावर चमचाभर तेल आणि मिठात मऊ होईपर्यंत परतून सुती फडक्यात बांधा, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहा, 10-15 मिनिटे शेका. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेली असेल तर शेक नकोच, भाजले तरी कळत नाही.

प्रश्न : कोविडपासून रोज गुळवेलीचा रस घेतो. अंगणातल्या जाळीवर वेल आहे. चालू ठेवू? (सिडको)

उत्तर : वर्षानुवर्षे रोज घेण्याची ही वस्तू नाही. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना कावीळ झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे, खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात घातक ठरू शकते. दोन्ही बाजू ऐकून आमचा सल्ला : तापानंतरच्या अशक्तपणात वैद्यांनी सांगितली तर दोन-तीन आठवडे घ्या. थायरॉइडचा, यकृताचा किंवा इतर स्वप्रतिकारक आजार असेल तर नाही. तुमच्या जाळीवरच्या वेलीच्या खोडावर गाठीगाठी, चामखिळीसारखे उंचवटे असतील तर ती खाऊ नका. इतकी वर्षे घेतली आहे, तर यकृताची तपासणी एकदा करून टाका.

प्रश्न : वडिलांना (वय 74) बद्धकोष्ठ. बाजारातले 'पोटसाफ' चूर्ण एक चमच्यावरून तीन चमच्यांवर गेले आहे.

उत्तर : डब्यावर सोनामुखी लिहिलेले असणार. ती आतड्याला चाबूक मारते, आणि चाबकाची सवय लागते. एकदम तोडू नका. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा आणि सोबत इसबगोल सुरू करा : संध्याकाळच्या जेवणानंतर दोन चमचे, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच, वर आणखी पेलाभर पाणी. कमी पाण्यात घेतले तर तेच फुगून घशात किंवा आतड्यात अडकते. गिळायला त्रास असेल तर देऊच नका. इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर, थायरॉइडच्या गोळीपासून चार.

महिन्याने त्रिफळा, एक चमचा रात्री कोमट पाण्याबरोबर. घरी करणार असाल तर हिरडा, बेहडा, आवळा तिन्ही बियांशिवाय, टरफल-गर तेवढा, समभाग. दुकानदार आठळीसकट दळून देतो तेव्हा वजन भरते, गुण भरत नाही. हिरडा पाण्यात टाका, जड आणि चांगला बुडतो, किडका तरंगतो. दळण दोन महिन्यांपुरतेच करा. आणि वडिलांना लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू आहेत का ते पाहा, बद्धकोष्ठ कधी सुरू झाले आणि त्या कधी सुरू झाल्या, या दोन तारखा शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा.